आबांचा आक्षेप

अभिमन आबांचा कोणावर विश्वास नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. दूध घालायला आलेल्या माणसासमोर ते पातेल्यात बोट बुडवून बघतात. कापूस मोजायला व्यापारी आला की त्याच्या काट्यावर आधी स्वतः उभे राहतात आणि काटा आपलं नेहमीचं वजन दाखवतो की नाही ते तपासतात. थोरल्या पुतण्याच्या लग्नात नवरी वयाने लहान दिसते म्हणून त्यांनी भर मांडवात तिचं आधार कार्ड मागितलं होतं. नवरी निघाली नवरदेवाहून सहा महिन्यांनी मोठी. व्याही अजून आबांशी नीट बोलत नाहीत. आबांच्या बायकोचं, प्रमिलाबाईंचं म्हणणं असं, की या माणसाने उभ्या जन्मात वास घेतल्याशिवाय एक घास तोंडात घातला नाही, आणि एकदाही वास आला नाही.

असा माणूस एरवी गावाला नकोसा असतो. निवडणूक आली की मात्र त्याचा भाव वधारतो. भडगावच्या अलीकडे गिरणा नदीकाठी असलेल्या त्यांच्या गावात जिल्हा परिषदेची शाळा हेच मतदान केंद्र, आणि तिथे उमेदवाराचा एजंट म्हणून बसायला आबांसारखा दुसरा माणूस नाही. एजंटाचं काम काय, तर येणारा मतदार खरंच तोच आहे का हे बघायचं. आबांना चेहरेच काय, कोणाची चाल कशी आणि कोण खोकताना कुठला हात तोंडावर धरतो हेसुद्धा पाठ. एकदा एक जण फौजेत असलेल्या भावाच्या नावावर मत द्यायला आला होता. आबांनी त्याला दारातच धरलं. भाऊ डावखुरा होता आणि याने चिठ्ठी उजव्या हाताने पुढे केली, एवढ्यावरून. तेव्हापासून आबांच्या केंद्रावर खोटं मत पडत नाही, अशी त्यांची ख्याती झाली. आबांना शेतापेक्षा आणि घरापेक्षाही त्या ख्यातीची काळजी जास्त.

या विधानसभेला आदल्या दुपारीच धाकटा पुतण्या नवल बातमी घेऊन आला. सुरतेहून समोरच्या पार्टीने गाडी भरून माणसं आणवली आहेत. गावातली निम्मी तरणी माणसं सुरतेला साड्यांच्या गिरण्यांत आहेत, त्यांची नावं अजून गावच्या यादीत आहेत, त्यामुळे मतदानाला ती येतात यात वावगं काही नव्हतं. पण नवल म्हणाला की गाडीत काही तोंडं ओळखू येत नाहीत. झालं. आबांनी रात्रीच्या भाकरीचा वास नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला आणि रुमालाच्या गाठीत सुट्टी नाणी बांधून ठेवली. मतदार तो नव्हेच, असा आक्षेप घ्यायचा तर एजंटाला दोन रुपये अनामत भरावी लागते. आक्षेप खोटा ठरला तर ती सरकारजमा होते. आबांची आजवर एकदाही जमा झाली नव्हती.

सकाळी उजाडायच्या आधी ते शाळेत हजर. केंद्राध्यक्ष म्हणून धुळ्याच्या एका कॉलेजातल्या दिपमाला मॅडम आल्या होत्या. मतदान सुरू होण्याआधी यंत्र बरोबर चालतं की नाही हे एजंटांसमोर खोटी मतं टाकून दाखवतात. आबांनी प्रत्येक उमेदवाराचं बटण दाबायला लावलं, 'यांपैकी कोणी नाही'चंही. बटण एक आणि चिठ्ठी दुसरीच असं होतंय का, हे काचेला नाक लावून बघितलं. मग मॅडमनी ती मतं पुसली आणि शून्य दाखवलं, तेव्हा आबांनी चष्मा पुसून ते शून्य पुन्हा पाहिलं. समोरच्या पार्टीचा एजंट हितेंद्र, गावातलाच पोरगा, भडगावला मोबाइलचं दुकान चालवतो. तो म्हणाला, आबा, शून्यातही काही लपवता येतं का. आबांनी चष्मा पुन्हा चढवला. ज्याला घाई असते त्याच्याकडे लक्ष ठेवावं, असा त्यांचा नियम होता, आणि हितेंद्रला घाई होती.

मतदान सुरू झालं. कर्मचारी मोठ्याने नाव वाचायचा, आबा मान वर करून माणूस बघायचे आणि मान डोलवायचे. बोटावर शाई लागायची, पलीकडे पुठ्ठ्याच्या आडोशामागे जाऊन बटण दाबलं की लांब शिट्टी वाजायची. एका म्हातारीचा मुलगा तिच्याबरोबर आडोशात जायला निघाला. आबांनी मॅडमना सांगितलं, हिला चांगलं दिसतं, काल सुईत दोरा ओवत होती. मुलगा तोंड वाकडं करून मागे फिरला. मॅडमनी फक्त एवढंच बजावलं, की तुमचं जे काही असेल ते मला सांगा, मतदाराशी परस्पर बोलू नका. आबांना त्या बाई बऱ्या वाटल्या. अर्थात बऱ्या वाटणाऱ्या माणसावरही नजर ठेवायलाच हवी होती.

उन्हं तापायच्या सुमाराला सुरतेची गाडी आली. खिडकीतून आबांना वडाखाली उतरणारी माणसं दिसली. एकेक रांगेत येऊन लागला. पहिले चार-पाच आबांच्या ओळखीचे निघाले. कोणाचं पोट सुटलं होतं, कोणाचे केस गेले होते, पण चाल तीच. आबा थोडे हिरमुसलेच. नवलची बातमी फुसकी निघते की काय, असं त्यांना वाटू लागलं.

तेवढ्यात कर्मचाऱ्याने नाव वाचलं, चिंधा.

आबांची मान झटक्यात वर झाली. समोर एक मधल्या वयाचा माणूस उभा होता. त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू कानापासून हनुवटीपर्यंत भाजून आकसली होती. भुवई नव्हती, डोळा अर्धा मिटलेला, ओठाचा कोपरा वर ओढला गेलेला. एक पाय घासत तो टेबलापर्यंत आला. त्याने पुढे केलेल्या ओळखपत्रावर एका गुळगुळीत चेहऱ्याच्या तरुणाचा फोटो होता.

आता चिंधा म्हणजे कोण, हे सांगायला हवं. पलीकडच्या गल्लीतल्या एका बाईची दोन मुलं जन्मताच गेली. तिसरा झाला तेव्हा तो जगावा म्हणून तिने त्याला सुपात घातलं आणि आबांच्या मायच्या, बेबाबाईच्या दारात आणून ठेवलं. बेबाबाईने ओंजळभर ज्वारी दिली आणि मूल विकत घेतलं. खानदेशात हे असं करतात. मूल परक्याचं झालं, की ते न्यायला येणारा यम फसतो. त्याचं उजवं नाक टोचलं, कोणाला हेवा वाटू नये असं चिंधा हे नाव ठेवलं आणि बेबाबाईने ते सांभाळायला म्हणून परत आईच्या ओटीत घातलं. सात-आठ वर्षांच्या अभिमनने तेव्हाही विचारलं होतं म्हणे, की ज्वारी आपण दिली आणि पोरगं त्यांच्याकडे, हा कसला व्यवहार. पण पुढे दोघांना आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, एकाच ताग्यातले सदरे व्हायचे. बेबाबाईच्या तोंडी दोन्ही पोरं सारखीच होती. चिंधाचे आईबाप गेले, घर पडलं, तो सुरतेला गिरणीत लागला. आधी दर आखाजीला यायचा, मग एक आड एक वर्ष, मग आलाच नाही. तरी मतदारयादी तपासायला माणूस घरोघर फिरायचा, तेव्हा बेबाबाई त्याला ठासून सांगायची, मना पोऱ्या शे, सुरतले शे, नाव काढानं नही.

तीन वर्षांमागे बेबाबाई गेली. आबांनी सुरतेच्या माणसांकडून निरोप धाडला. चिंधा आला नाही. त्या दिवसापासून आबांच्या मनात दोनच गोष्टी होत्या. एक तर चिंधा मेला, नाहीतर तो बेइमान निघाला. आणि आता हा, फोटोशी न जुळणारा माणूस, त्याच्या नावावर मत मागत उभा होता.

आबा उभे राहिले. त्यांनी रुमालाची गाठ सोडली. 

"मॅडम, माझा आक्षेप आहे. हा चिंधा नाही."

रांग थांबली. मॅडमनी दोन रुपये घेतले, पावती दिली, आणि त्या माणसाला समोर बसवून सांगितलं, की दुसऱ्याच्या नावावर मत देणं गुन्हा आहे, आक्षेप खरा ठरला तर मला तुम्हाला पोलिसांच्या हवाली करावं लागेल, अजूनही उठून जायचं तर जा. दारातल्या हवालदाराने पट्टा वर ओढला. माणूस उठला नाही. त्याने आबांकडे पाहिलं.

"मी चिंधा शे, भाऊ."

भाऊ काय, खानदेशात कंडक्टरलाही म्हणतात. आबांनी ते मनावर घेतलं नाही. मॅडमनी बापाचं नाव विचारलं, त्याने बरोबर सांगितलं. घर कुठे होतं विचारलं, त्याने पडक्या घराची जागा, शेजारचा हौद, हौदाला टेकून असलेलं निंबाचं झाड, सगळं सांगितलं. मॅडम आबांकडे बघू लागल्या. आबांचा संशय उलट वाढला. इतक्या वर्षांनी आलेला खरा माणूस एखाद्या ठिकाणी तरी अडखळला असता. हा कुठे अडखळत नव्हता. बठ्ठं पाठ करीसन ऊना शे, सगळं पाठ करून आलाय, असं ते हितेंद्रला ऐकू जाईल एवढ्या आवाजात पुटपुटले.

हितेंद्रने सांगितलं की हा चिंधाच आहे. आबा म्हणाले, तू समोरचा एजंट, तू दुसरं काय सांगशील. रांगेतले सुरतेचे लोक ओरडले की आम्ही याच्याबरोबर गिरणीत आहोत. आबा म्हणाले, एका गाडीतून आलेले एकमेकांची साक्ष देणारच. मॅडमनी त्या माणसाच्या उजव्या नाकपुडीतलं बुजत आलेलं भोक दाखवलं. ते आबांना आल्या आल्याच दिसलं होतं. पण नाक काय, कोणीही टोचून घेईल. बाहेर बाया उन्हात ताटकळत होत्या, लेकरं रडत होती, आणि आबांच्या नावाने जे चाललं होतं ते खिडकीतून स्पष्ट ऐकू येत होतं.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "आबा, आक्षेप तुमचा आहे. हा चिंधा नाही, याला तुमच्याकडे काय पुरावा?"

इतका वेळ आबांनी तो दाबून ठेवला होता. परक्या बाईसमोर, पोलिसासमोर, गावासमोर बोलायची ती गोष्ट नव्हती. पण आता त्यांना राहवलं नाही.

"माझ्या मायने त्याला सुपात विकत घेतलं होतं. चिंधा जिवंत असता तर तिच्या दहाव्याला आला असता. तो आला नाही, म्हणजे तो नाही. एवढाच पुरावा आहे माझ्याकडे."

 भाजलेल्या चेहऱ्याच्या माणसाने खाली पाहिलं. बोलताना त्याचा ओढलेला ओठ नीट हलत नव्हता, म्हणून शब्द हळूहळू येत होते.

"मी ऊना व्हतू, भाऊ. बारा दिन पहिले गिरणीमा वाफ लागनी व्हती. बठ्ठं तोंड पट्ट्यासमा, बोलाले जमे ना. नदीवर ऊनू तं तू माले सांगं, चपलासपाईन लांब ऱ्हाय."

आबा खाली बसले.

गिरणेच्या वाळूतली ती सकाळ त्यांना जशीच्या तशी दिसली. दहाव्याचे पिंड मांडले होते आणि कावळा शिवत नव्हता. कावळे बाभळीवर बसले होते, बघत होते, उतरत नव्हते. आबांनी मायची गाय विकणार नाही असं कबूल केलं. नवलच्या शिक्षणाचं कबूल केलं. भात तर खराब नाही ना, म्हणून त्याचा वाससुद्धा घेऊन पाहिला. सगळे घायकुतीला आले होते. तेवढ्यात काठावर, लोकांनी काढून ठेवलेल्या चपलांच्या ढिगापाशी, तोंडाला पांढऱ्या पट्ट्या गुंडाळलेला एक माणूस उभा असलेला त्यांना दिसला. दहाव्याच्या गर्दीत चपला चोरणारे येतात. आबा तरातरा गेले आणि त्याला ते शब्द बोलले. माणसाने काहीतरी बोलायचा प्रयत्न केला, पट्टीतून नुसता घुमणारा आवाज आला. आबांनी हात उगारला, तसा तो मागे सरला. त्या वेळी जवळपास दुसरं कोणी नव्हतं.

"मंग तू काय करं?" आबांनी विचारलं. मतदाराशी परस्पर बोलायचं नाही, हे ते विसरले होते. मॅडमनीही त्यांना अडवलं नाही.

"बाभूळखाले गऊ. हात जोडात. मायले सांगं, मी ऊना शे, आते जेव."

आबांना आठवलं. त्यांनी शेवटी मारुतीच्या देवळाची भिंत रंगवून देईन असं कबूल केलं होतं, आणि त्याच क्षणी कावळा झेपावत खाली आला होता. माय देवळासाठी अडली होती, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. भिंत रंगवली, तिच्यावर मायचं नाव घातलं. माय कोणासाठी अडून बसली होती ते आज कळलं. तो नदीवर आला होता आणि मोठ्या भावाने त्याला चपलचोर म्हणून हाकललं होतं.  एवढी वर्षं दुसऱ्याचं खोटं पकडत बसलेल्या माणसाला आपल्याच घरचं खरं ओळखता आलं नव्हतं, आणि याची त्यांना भयंकर लाज वाटली.

मॅडमनी विचारलं, आक्षेप कायम आहे का. लिहून घ्यायचं होतं, म्हणून त्यांना तोंडानेच उत्तर हवं होतं.

"नही मॅडम," आबा म्हणाले. कचेरीची मराठी त्यांच्या तोंडातून निघून गेली होती. "हाऊ मना भाऊ शे."

दोन रुपये सरकारजमा झाले. कर्मचाऱ्याने चिंधाच्या बोटाला शाई लावली. तो पाय घासत आडोशामागे गेला, आणि आबांच्या मनात आलंच, की गाडी समोरच्यांची, मग याने बटण कोणाचं दाबलं असेल. अशा वेळीही हेच सुचावं, म्हणून त्यांनी स्वतःला मनातल्या मनात शिवी घातली. पण विचार काही गेला नाही. तो त्यांच्या तोंडावरही दिसला असावा. शिट्टी वाजली, चिंधा बाहेर येताना त्यांच्या टेबलापाशी क्षणभर थांबला.

"गाडी त्यासनी व्हती, भाऊ. मत मनं शे."

आबांनी मान हलवली. मग घाईघाईने, खालच्या आवाजात म्हणाले, की घरी जा, प्रमिला आहे.  चिंधा उन्हात निघून गेला.

दुपारभर आबा खुर्चीवर होते, पण मान डोलवण्यापलीकडे त्यांचं कशात लक्ष नव्हतं. एक जण टोपी डोळ्यांवर ओढून आला, तरी त्यांनी विचारलं नाही. हितेंद्रने त्यांच्यापुढे चहा ठेवला, तो त्यांनी वास न घेता पिऊन टाकला. चार वाजायच्या सुमाराला वडाखाली गाडीचा हॉर्न वाजला. लोक ओरडत चढले, दार आपटलं, गाडी भडगावच्या रस्त्याला लागल्याचा आवाज आला. खिडकीतून वड दिसत होता, गाडीची पलीकडची बाजू दिसत नव्हती. गेला असेल, आबांना वाटलं. थांबावं तरी कशासाठी, कोणाच्या भरवशावर.

मतदान संपलं. यंत्राला सील लागलं, आबांनी सह्या केल्या. सीलचे आकडे मॅडमनी दोनदा वाचून दाखवले, कारण सकाळचे आबा त्यांना आठवत होते. आबांनी ते कागदाशी ताडून बघितले नाहीत. निघताना त्यांनी मॅडमना नमस्कार केला.

दिवेलागणीला ते घरी आले. फाटकाशी आले आणि सवयीने थबकले. फाटकाबाहेर, भिंतीला अगदी लागून, दोन चपला ठेवलेल्या होत्या. घरच्यांच्या चपला ओट्याच्या पायरीशी असतात, पाहुण्यांच्याही तिथेच. या तिथून पार लांब, रस्त्याकडेला होत्या. कोणाच्या असतील, कशाला इथे ठेवल्या असतील, म्हणून आबा वाकले. एका चपलेचा तळ अंगठ्याच्या बाजूने घासून पार पातळ झाला होता.

आत प्रमिलाबाई कोणाला तरी अजून एक भाकर घ्या म्हणत होत्या, आणि हळूहळू बोलणारा एक आवाज पुरे म्हणत होता.

आबांनी त्या चपला उचलल्या. त्या हातात धरून ते अंगण ओलांडून आले, त्यांनी त्या ओट्याच्या पायरीशी ठेवल्या, आणि आपल्या काढून त्यांच्याशेजारी ठेवल्या. मग त्यांनी आत हाक मारून प्रमिलाबाईंना सांगितलं, मलाही वाढ.